घरी राहून इंटिरिअरचं काम शिकता येतं का?

कोल्हापुरात आणि आसपासच्या गावांत हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतो. बारावी झालेली मुलगी विचारते, लग्नानंतर नोकरी सुटलेली बाई विचारते, वडिलांच्या दुकानात बसणारा पण मन रंगरेषांत रमलेला मुलगा विचारतो. शब्द वेगळे, मुद्दा एकच: पुण्या-मुंबईला राहून शिकणं परवडत नाही किंवा जमत नाही, मग घरात राहून इंटिरिअर शिकता येईल का? आणि शिकलं तर कामं मिळतील का?

पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर ‘हो, बरंचसं’ असं आहे. नजर, माप, चित्र, साहित्याची ओळख आणि हिशेब या पाच गोष्टी घरात शिकता येतात. घर हाच अभ्यासाचा विषय असल्यामुळे काही बाबतींत त्या वर्गापेक्षा घरात चांगल्या शिकता येतात. सहावी गोष्ट मात्र घरात शिकता येत नाही, आणि कामं मिळणं न मिळणं नेमकं तिच्यावर ठरतं. तिच्याकडे आपण क्रमाने येऊ.

१. परवाना लागतो का?

लागत नाही. १९७२च्या आर्किटेक्ट्स अ‍ॅक्टनुसार ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी फक्त काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असलेल्या माणसालाच लावता येते. इंटिरिअरचं काम करणाऱ्यासाठी असा कायदा नाही. उद्या तुम्ही दारावर ‘इंटिरिअर डेकोरेटर’ अशी पाटी लावलीत तर कोणी अडवणार नाही. पण याची दुसरी बाजूही आहे: तुमच्यामागे कोणाची मोहोर नसल्याने तुमचं काम हीच तुमची ओळख.

सजावट आणि अंतर्गत रचना यांतला फरकही इथेच समजून घेऊ. पडदे, रंग, दिवे, सोफा, भिंतीवरची चित्रं हे सजावटीचं काम. स्वयंपाकघराचा ओटा कुठून कुठे जाईल, कपाट कुठे बसेल, वायरिंगचे पॉइंट कुठे येतील हे रचनेचं काम. गिऱ्हाइकाला हा फरक माहीत नसतो. तो ‘इंटिरिअर करायचंय’ एवढंच म्हणतो आणि दोन्हींची अपेक्षा करतो. म्हणून शिकताना दोन्ही शिकायचं.

एका रेषेपलीकडे मात्र जायचं नाही. खांब, तुळई, स्लॅब आणि वजन पेलणारी भिंत यांना हात लावायचा झाला तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी मत घ्यायचं. मंगळवार पेठेतल्या किंवा शिवाजी पेठेतल्या जुन्या घरांत जाड भिंतींवरच माडीचा भार असतो. अशा भिंतीत ‘हॉल मोठा दिसेल’ म्हणून पाडलेलं भगदाड सजावटीत मोडत नाही, तो धोका आहे. नव्या फ्लॅटमध्ये भार सिमेंटच्या सांगाड्यावर असतो आणि बऱ्याच भिंती नुसत्या आडोशाच्या असतात. पण कुठली भिंत आडोशाची आणि कुठली भाराची, हे टिचक्या मारून ठरवायचं नसतं.

२. कलाशाळेत न गेलेले

घरी शिकणं म्हणजे कमी प्रतीचं शिकणं, असं ज्यांना वाटतं त्यांना मी कोल्हापूरचीच गोष्ट सांगतो. बाबूराव कृष्णराव मेस्त्री इथे १८९० साली जन्मले. पुढे सगळा महाराष्ट्र त्यांना बाबूराव पेंटर म्हणून ओळखू लागला. कुठल्याही कलाशाळेत ते शिकले नाहीत. कारागिराचं घर, हातात हत्यारं, आणि नात्यातले बंधू आनंदराव यांची साथ. दोघे मिळून संगीत नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवत. राजवाडा, जंगल, रस्ता, देऊळ असं प्रत्येक दृश्य सपाट कापडावर असं काढायचं की शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही तिथे खोली आहे असं वाटावं. शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह, हे त्या काळच्या कोल्हापूरच्या नाट्यवेडाचं ठिकाण.

सिनेमा आल्यावर दोघांनी स्वतःचा कॅमेरा बनवायला घेतला. काम चालू असतानाच १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी तो कॅमेरा पुरा केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यांचं मोठं काम वेगळंच आहे. नाटकातले रंगवलेले पडदे बाजूला सारून त्यांनी चित्रपटासाठी खरेखुरे, तिन्ही बाजूंनी उभे असणारे, माणूस ज्यात वावरू शकेल असे सेट बांधले. रंगवलेल्या पडद्यावरची खोली नुसती बघायची असते, सेटमधल्या खोलीत पात्राला चालायचं, बसायचं, दार उघडायचं असतं. सजावटीकडून रचनेकडे जाणं म्हणतात ते हेच.

त्यांच्याच कंपनीत तयार झालेले साहेबमामा फत्तेलाल मूळचे कागलचे. विष्णुपंत दामले, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीताराम कुलकर्णी यांच्यासह त्यांनी १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात ‘प्रभात’ सुरू केली आणि तिचं कलादिग्दर्शन सांभाळलं. १९३६च्या ‘संत तुकाराम’मधलं देहूचं घर आठवा. त्या घरात काही भपका नाही, तरी ते घर खरं वाटतं. फत्तेलालही कलाशाळेतून आलेले नव्हते. थोरामोठ्यांच्या हाताखाली, काम करता करता शिकलेले.

एवढ्यावरून ‘शाळेची गरजच नाही’ असा अर्थ कोणी काढू नये. ही माणसं शाळेत गेली नाहीत, पण एकटी बसूनही शिकली नाहीत. त्यांच्याभोवती सुतार होते, रंगारी होते, नाटकवाले होते, आणि त्यांच्या हाताच्या कामाला रोज कोणीतरी नाव ठेवणारं होतं. घरी शिकणाऱ्याने त्यांच्याकडून उचलायची गोष्ट ही आहे.

३. पहिला धडा टेपचा

नवशिका रंगांपासून सुरुवात करतो, मोबाइलवर सुंदर खोल्यांचे फोटो साठवतो. मी म्हणेन, पहिला महिना फोटो बघूच नका. पंधरा-सोळा फुटी टेप घ्या, चौकटीची वही घ्या आणि राहतं घर मोजा.

भिंतींची लांबी झाली की दाराची रुंदी, खिडकीची जमिनीपासूनची उंची, स्विचबोर्डची जागा, तुळई छतापासून किती खाली उतरली आहे, नळाची तोटी भिंतीपासून किती दूर आहे, हे सगळं टिपा. मग माणसं मोजा. खुर्चीची बैठक साधारण १८ इंच, जेवणाचं टेबल ३० इंच, कपाटाची खोली २४ इंच, ये-जा करायची वाट निदान अडीच ते तीन फूट. हे आकडे पाठ करण्यापेक्षा आपल्या घरात पडताळून बघितले की कायमचे लक्षात राहतात.

ओट्याचंच बघा. साधारणपणे ओटा ३२ ते ३४ इंचांचा करतात. पण उंची ठरते ती कामाला उभ्या असणाऱ्या माणसाच्या कोपरावरून. हात कोपरात वाकवून कोपराची जमिनीपासून उंची मोजायची आणि तिथून चार ते सहा इंच खाली ओट्याचा पृष्ठभाग धरायचा. आता आपल्या भागातली गोष्ट: ज्या घरात रोज भाकरी थापली जाते तिथे हाताचा जोर वरून खाली लागतो, म्हणून ओटा थोडा खाली असलेला बरा. त्यातच गॅसची शेगडी ओट्यावर आणखी काही इंच चढते. तिच्यावर रश्श्याचं मोठं पातेलं ठेवलं की ढवळणारीचा खांदा वर उचलला जातो आणि संध्याकाळी दुखतो. हे कुठल्याही परदेशी पुस्तकात सापडणार नाही. आईला, सासूबाईंना, शेजारच्या काकूंना विचारा, ‘दिवसभरात कुठे दुखतं?’ उत्तर येईल तो तुमचा रचनेचा धडा.

मोजलेलं कागदावर उतरवायचं तर प्रमाण लागतं. पाव इंच म्हणजे एक फूट धरा. मग १२ फुटांची भिंत कागदावर ३ इंच होते आणि १० फुटांची अडीच इंच. आता जाड कागदाचे त्याच प्रमाणात तुकडे कापा: पलंग ६ फूट रुंद, साडेसहा फूट लांब, कपाट २ फूट खोल. हे तुकडे नकाशावर सरकवून बघायचे.

उदाहरणादाखल १० बाय १२ची झोपायची खोली घेऊ. पलंगाचं डोकं १२ फुटी भिंतीला लावलं तर पलंग १० फुटांच्या दिशेने साडेसहा फूट पुढे येतो. उरले साडेतीन. समोर २ फुटांचं कपाट ठेवलं की मध्ये दीड फूट राहतं. कपाटाचं एक दार दीड फुटी असेल तर ते उघडल्यावर उभं राहायला जागाच नाही. आता पलंगाचं डोकं १० फुटी भिंतीला लावा. दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट सुटतात. १२ फुटांतून साडेसहा गेले, साडेपाच उरले, समोरच्या कपाटाचे दोन वजा केले, साडेतीन फूट मोकळे. दार उघडूनही दोन फूट शिल्लक. खोली तीच, सामान तेच, खर्च एक रुपयाही वेगळा नाही. पण पहिल्या मांडणीत रोज सकाळी कपाटापुढे धक्काबुक्की आणि दुसरीत नाही.

मापाची शेवटची पायरी काटकोनाची. गवंडी आणि सुतार ३-४-५ ची रीत वापरतात. कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फुटांवर खूण, दुसरीवर ४ फुटांवर खूण. दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर ५ फूट भरलं तर कोपरा गुण्यात आहे. जुन्या घरांत तो क्वचितच गुण्यात असतो, आणि नव्या फ्लॅटमध्येही डोळे मिटून धरू नये. गुण्यात नसलेल्या कोपऱ्यात काटकोनी कपाट बसवलं की भिंत आणि कपाट यांच्यामध्ये पुढे बोटभर आणि मागे काहीच नाही अशी पाचर दिसते, आणि ती जन्मभर दिसत राहते. भिंत उभी सरळ आहे का, हे ओळंब्याने बघायचं. ओळंबा नसेल तर दोरीला नट बांधला तरी चालतो.

४. उजेड आणि रंग

रंगाआधी उजेड, हा क्रम उलटा करू नका. चांगल्या दुकानात साडी पसंत पडली की जाणती बाई ती दाराशी नेऊन उन्हात बघते, कारण ट्यूबलाइटखाली जो मोरपंखी होता तो बाहेर हिरवा निघू शकतो. भिंतीचा रंगही तसाच, फक्त भिंत दाराशी नेता येत नाही. म्हणून दोन फूट बाय दोन फूट पुठ्ठ्यावर नमुन्याचा रंग दोन हात लावून तो पुठ्ठा त्या खोलीत सकाळी, दुपारी आणि रात्री दिवे लावून बघायचा. दिव्याच्या खोक्यावर केल्विनमध्ये एक आकडा असतो. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर उजेड, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. एकाच पुठ्ठ्यावर हे दोन दिवे आळीपाळीने टाकून बघितले की पुढे कोणाला सांगावं लागत नाही.

अंधाराची भीती बाळगू नका, हेही मला सांगायचं आहे. आपल्याकडे आता प्रत्येक छताला पीओपी आणि त्यात डझनभर दिवे, सगळे एकदम लावलेले. खोली उजळते पण कुठलीच वस्तू उठून दिसत नाही. शिरोळ तालुक्यातल्या खिद्रापूरला जाऊन कोपेश्वराचा स्वर्गमंडप बघा. ४८ खांबांचा तो मंडप वर मधोमध गोल मोकळा आहे. उजेड तिथून खालच्या शिळेवर उतरतो आणि भोवतीच्या सावलीमुळेच तो उजेड डोळ्यांत भरतो. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातही बघण्यासारखं आहे. मेजर चार्ल्स मॅंट यांच्या आराखड्यानुसार तो १८७७ ते १८८४ या काळात बांधला गेला. तिथल्या दरबार हॉलमध्ये रंगीत काचांतून येणारा उजेड खोलीचा स्वभाव कसा बदलतो, हे तासभर बसून बघावं. बाबूरावांनीही १९२३च्या ‘सिंहगड’मध्ये कृत्रिम प्रकाशाचा वापर केला होता. सेट बांधणाऱ्याला उजेड कळावाच लागतो.

५. बादलीतला प्रयोग

इंटिरिअरमधला मोठा पैसा लाकूडकामात जातो आणि गिऱ्हाइकाची मोठी फसगतही तिथेच होते. प्लाय म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे आडवे-उभे चिकटवून केलेला बोर्ड. एमडीएफ म्हणजे लाकडाचा बारीक तंतू दाबून केलेला, पार्टिकल बोर्ड म्हणजे भुसा आणि चुरा दाबून केलेला. वरून मायका लावला की तिन्ही सारखेच दिसतात.

म्हणून प्रयोग करा. प्लायवुडच्या दुकानात किंवा सुताराकडे प्रत्येकाचे हातभर तुकडे मागितले तर मिळतात. त्यांच्या कडांवर पेनने जाडी लिहा, बहुधा १८ मिलिमीटर असेल. रात्री बादलीत बुडवून ठेवा. सकाळी बाहेर काढून पुन्हा मोजा आणि मुख्य म्हणजे अंगठ्याने कड दाबून बघा. पार्टिकल बोर्डची कड फुगून अंगठ्याखाली सुटायला लागते. साधा एमडीएफ कडेला ओठासारखा फुगतो, आणि वाळला तरी पूर्वीच्या जाडीवर येत नाही. चांगला प्लाय ओला होतो, जड होतो, पण आपला आकार सोडत नाही. हलक्या प्लायचे पापुद्रे मात्र सुटू लागतात. तुकडे वाळवून, त्यांवर नावं लिहून जपून ठेवा. पुढे गिऱ्हाइकाला हे तुकडे हातात दिलेत तर लांबलचक समजावणी लागत नाही.

प्लायवर छापलेले आकडेही वाचायला शिका. आयएस ३०३ हे सर्वसाधारण वापराच्या प्लायचं मानक, आयएस ७१० मरीन प्लायचं. ‘एमआर’ असं लिहिलेला प्लाय दमट हवेला तोंड देतो, साचलेल्या पाण्याला नाही. हा घोटाळा फार जणांचा होतो.

कोल्हापुरात हा विषय पुस्तकी राहत नाही. २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं. जिथे पाणी चढल्याचा इतिहास आहे तिथल्या तळमजल्यावर ओट्याखाली एमडीएफच्या ट्रॉल्या सुचवणं मला अक्षम्य वाटतं. तिथे जुनी रीत आठवावी: ओट्याखाली कडाप्प्याचे उभे-आडवे कप्पे आणि वर सुटी होणारी दारं. पाणी ओसरलं की धुऊन पुसून कप्पे पुन्हा वापरता येतात. विजेचे पॉइंट जमिनीजवळ न घेता वर घ्यावेत, पलंगाखालच्या बंद पेटीऐवजी पाय असलेला पलंग घ्यावा. पूर येत नाही अशा भागातही जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की बाहेरच्या भिंतीला चिकटून ठेवलेल्या कपाटात बुरशीचा वास धरतो. मागे बोटभर फट ठेवणं आणि भिंतीची ओल आधी थांबवणं, हे कुठल्याही रंगसंगतीपेक्षा महत्त्वाचं आहे.

६. हिशेब: पाच की सहा?

अंदाजपत्रक चुकलं की नवशिक्याचं नाव बुडतं. एक कपाट घेऊ: ६ फूट रुंद, ७ फूट उंच, २ फूट खोल, मध्ये एक उभं पार्टिशन, प्रत्येक बाजूला तीन फळ्या आणि चार दारं.

दोन साइड आणि पार्टिशन मिळून ७ बाय २चे तीन तुकडे, ४२ चौरस फूट. वरची आणि खालची फळी ६ बाय २, दोन तुकडे, २४. आतल्या सहा फळ्या ३ बाय २च्या, ३६. दारं मिळून ६ बाय ७, म्हणजे ४२. एकूण १४४ चौरस फूट. पाठीमागचा पातळ प्लाय वेगळा. प्लायचं शीट ८ बाय ४चं, ३२ चौरस फुटांचं. १४४ला ३२ने भागलं की साडेचार येतात. थोडी नासाडी धरून नवशिका पाच शीट लिहितो.

आता सुतार कापेल तसं कापून बघा. एका शीटमधून २ फूट रुंदीच्या दोन पट्ट्या निघतात. करवतीची जाडी जात असल्याने त्या २ फुटांना किंचित कमीच भरतात. साइड आणि पार्टिशनला तीन पट्ट्या, वरखालच्या फळ्यांना दोन. आतल्या फळ्या एका पट्टीतून दोनच निघतात, तिथे तीन पट्ट्या. झाल्या आठ पट्ट्या, चार शीट. दारं दीड फूट रुंद, ४ फुटांच्या शीटमधून शेजारी शेजारी दोनच बसतात, कारण तिसऱ्याला अर्धा फूट कमी पडतो. चार दारांना दोन शीट. एकूण सहा. हिशेब सोपा म्हणून दर १०० रुपये चौरस फूट धरला तरी एका शीटचा फरक ३,२०० रुपयांचा. एका घरात अशी चार कपाटं असली की बारा हजारांवर फरक जातो, आणि तो कोणाच्या खिशातून जायचा यावरून वाद होतो.

यातून दोन गोष्टी कळतात. क्षेत्रफळावरून अंदाज धरू नये, कापणीचा नकाशा काढावा. आणि उरलेल्या फूटभर पट्ट्यांतून ड्रॉवर निघतात का, हे आधीच ठरवावं. माप दोन इंचांनी कमी केलं तर एक शीट वाचतं, असंही कधी कधी दिसतं. ते गिऱ्हाइकाला सांगणं हे तुमच्या फीचं खरं मोल.

७. घरात न मिळणारं शिक्षण

आता ती सहावी गोष्ट: कारागिराच्या शेजारी उभं राहणं.

सुतार मायका चिकटवतो तेव्हा बघा. फेविकॉल नुसता ओतत नाही, दातेरी पट्टीने सारखा पसरतो. मायका ठेवून मधून कडेकडे हात फिरवत हवा काढतो, कडांना कागदी टेप मारतो आणि शीट एकावर एक रचून वर वजन ठेवून रात्रभर सोडतो. मालकाने ‘उद्या फर्निचर हवंच’ असा धोशा लावला की ही रात्र कापली जाते आणि काही महिन्यांनी दारावर फुगे दिसू लागतात. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेला माणूस वेळापत्रकात ती रात्र धरतो. व्हिडिओ बघून शिकलेल्याला ती रात्र दिसतच नाही, कारण व्हिडिओत ती कापलेली असते.

कामाचा क्रमही साइटवरच अंगात मुरतो. आधी तोडफोड आणि गवंडीकाम, मग भिंतीत खाचा पाडून नळाचे आणि विजेचे पाइप, बाथरूमचं वॉटरप्रूफिंग, फरशी, पीओपी, सुतारकाम, रंग आणि शेवटी दिवे-पंखे. पण एक कागद या सगळ्यांच्या आधी तयार लागतो: फर्निचरचा नकाशा. तो नसेल तर वायरमन आपल्या अंदाजाने पॉइंट काढतो आणि पुढे कपाट नेमकं त्याच पॉइंटवर येतं. मग रंगवलेली भिंत पुन्हा फोडायची.

शिकणाऱ्या मुलींना इथे अडचण येते, ती मी जाणतो. साइटवर सगळे पुरुष, घरचे जाऊ देत नाहीत, मिस्त्री दाद देत नाहीत. सुरुवात ओळखीच्या घरातल्या कामापासून करावी, जिथे घरच्या मावशी-काकू हजर असतात. मिस्त्रींना मामा म्हणा, काका म्हणा, पण हातात मापाचा कागद असू द्या. ‘काका, या भिंतीला वर पाऊण इंचाची पाचर आहे, साइड तशी कापूया का?’ असं विचारणाऱ्या मुलीकडे कारागीर वेगळ्या नजरेने बघतो. त्यांचा हात आणि आपला कागद दोन्ही लागतात. राजस्थानातून आलेले सुतारही आता इथल्या फर्निचरकामात मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्याशी कामचलाऊ हिंदीत नेमकं बोलता येणं, हाही अभ्यासाचाच भाग.

८. प्रमाणपत्राचं काय?

घरी राहून पत्राने सजावट शिकवण्याची रीत शंभर वर्षांहून जुनी आहे. शेरिल व्हिटन या आर्किटेक्टने १९१६ साली न्यूयॉर्कमध्ये घरी अभ्यासायचे सजावटकलेचे पाठ काढायला सुरुवात केली आणि त्यातूनच पुढे तिथली इंटिरिअर शिकवणारी नामवंत शाळा उभी राहिली. म्हणजे आधी घरचा अभ्यास, मग शाळा.

आपल्याकडे दहावीच्या आतबाहेर असाल तर कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट चित्रकला परीक्षा जरूर द्या, हात वळतो. आयटीआयच्या अभ्यासक्रमांत इंटिरिअर डिझाइन अँड डेकोरेशन हा एक वर्षाचा ट्रेड आहे. मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयातही अंतर्गत सजावट शिकवतात. कोल्हापुरात कलानिकेतन आणि दळवीज या जुन्या कलासंस्था आहेत. तिथली प्रदर्शनं चुकवू नका, ओळखी होतात. ऑनलाइन कोर्स निवडताना एकच बघा: तुमच्या नकाशावर कोणी लाल पेनने खुणा करून परत पाठवणार आहे का? नसेल तर पैसे देऊ नका, ते व्हिडिओ फुकटातही मिळतात. संगणकावरचं चित्रण शिकावंच, स्केचअपची फुकट आवृत्ती सुरुवातीला पुरेशी आहे. पण हाताने नकाशा काढता येऊ लागल्यावर.

९. पहिलं काम

पहिलं काम बहुधा नात्यात मिळतं, आणि नात्यातलं काम फुकट करायचा मोह होतो. फी थोडी घ्या, पण घ्या, आणि कागदावर लिहून घ्या. काय करणार, काय नाही, किती नकाशे देणार, साइटवर आठवड्यातून किती वेळा येणार, पैसे कुठल्या टप्प्याला. फी आकारण्याच्या तीन रीती आहेत: चौरस फुटावर, कामाच्या खर्चावर टक्केवारीने, किंवा ठोक. नवशिक्याने ठोक घ्यावी. टक्केवारीत खर्च वाढला की फी वाढते, आणि गिऱ्हाइकाच्या मनात शंका शिरते. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत सेवा देणाऱ्याला साधारणपणे जीएसटीची नोंदणी लागत नाही. त्यापुढे गेलात की चार्टर्ड अकाउंटंटकडे जा.

दुकानदार कमिशन देऊ करतील. प्लायवर, फरशीवर, दिव्यांवर. या धंद्यात ते सर्रास चालतं, हे खरं आहे. माझं मत स्पष्ट आहे: गिऱ्हाइकाला न सांगता घेतलेलं कमिशन घेऊ नये. एकदा घेतलंत की कुठला प्लाय चांगला, हे तुम्ही मोकळ्या मनाने सांगू शकत नाही. दुकानदाराला सांगा, ‘तेवढी सूट बिलात द्या.’ ते बिल गिऱ्हाइकाला दाखवा. पुढचं काम बहुतेक वेळा तेच गिऱ्हाईक आणून देतं.

काम संपताना घरमालकाबरोबर खोलीखोलीत फिरून यादी करा: कुठलं दार घासतं, कुठली बिजागरी सैल आहे, कुठे रंगाचा डाग राहिला आहे. ती यादी पुरी झाल्यावरच शेवटचा हप्ता मागा. आणि पहिला पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरमध्ये, न बोलावता एकदा त्या घरी जा. टेप घेऊन जा. दारं किती फुगली, कपाटामागची भिंत ओली झाली का, ओट्याची उंची खरंच सोयीची पडली का, रात्री कुठला दिवा लावलाच जात नाही, हे विचारून वहीत तारखेसह लिहा. पुढच्या घराचं अंदाजपत्रक करायला बसताना ही वही शेजारी हवी.